भांडं रिकामं देऊ नये

१४ जुलै
जहाजावरची पहिलीच नोकरी आणि थेट उत्तर ध्रुवाच्या दारात! बोरीवलीच्या शीतलने जुलैत दोन स्वेटर चढवले, हे सोसायटीत कुणाला खरं वाटणार नाही. सूर्य इथे मावळतच नाही. प्रवाशांच्या खोल्या आवरून दोन तासांची सुट्टी मिळाली, तशी निशाबरोबर गावात उतरले. निशा माझ्याच केबिनमध्ये राहते, कांदिवलीची, तोंडाने फटकळ. वीसेक रंगीत लाकडी घरं, बाहेर वाळत घातलेले मासे. अगदी गोराई, फक्त कावळे नाहीत. एका म्हातारीने हातात लाकडी वाडगा ठेवला, गरम माशांच्या कालवणाने भरलेला. भाषा कळेना, पण माया कळली. जहाजावर येऊन आम्ही तो चाटूनपुसून खाल्ला, वर आईने दिलेले मेथीचे लाडू. चेतनाने मासा बघून नाक मुरडलं असतं. आईकडे ठेवलेली माझी लेक पाच वर्षांची, नखरे पन्नासचे.

१५ जुलै
धुक्यामुळे मुक्काम वाढला. वाडगा परत करून आले. दुसऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये, ही आईची शिकवण, म्हणून त्यात एक लाडू ठेवला. निशा म्हणाली, ही काय शेजारीण आहे का गं तुझी? म्हातारीने लाडू छातीशी धरला आणि दार लावून घेतलं. डब्यात अजून अकरा आहेत, पुरवून खायचे.

१७ जुलै
जहाज सुटून दिवस झाला आणि केबिनच्या दाराशी तोच वाडगा. भरलेला, गरम. निशाला वाटतं, कुणीतरी आपली खेचतंय.
पण मागचं पान वाचलं. कसले लाडू? डबा कोरा, तुपाचा वासही नाही. निशालाही आठवत नाहीत. आईला फोन केला, तर म्हणाली, वेडी आहेस का, मला मेथीचे लाडू येतात तरी का?
अक्षर माझंच आहे. वाडग्यात घातलं ते जगातून गेलं, आठवणीसकट. एका झोपेत. मला भीती वाटते.

१८ जुलै
कालवण ओतून दिलं आणि वाडगा रिकामाच समुद्रात फेकला. आता काही घालणार नाही.

१९ जुलै
आला नाही. सुटले.

२० जुलै
आईचा फोन. दुपारी घरी एक परदेशी म्हातारी आली होती, कालवण घेऊन. शीतल, शीतल म्हणत होती. आईला वाटलं, मीच पाठवली. वाडगा धुऊन आई साखर आणायला आत गेली, तेवढ्यात चेतनाने स्वतःचा शाळेचा फोटो त्यात ठेवला. माझ्या आईला दे, म्हणाली.
मी ओरडले, धाव, हिसकाव तो. आई गेटपर्यंत धावली. वॉचमन म्हणाला, कोण म्हातारी?
पुढचं बंदर चार दिवसांवर. साहेब म्हणतात, थकली आहेस, झोप.
चेतना फोनवर विचारत होती, फोटो मिळाला का —
आईला सांगितलं, झोपू नकोस. मीही नाही —
चेतना. उजव्या गालावर तीळ. पुढचा दात पडलाय. चेतना. चेतना —

२१ जुलै
टेबलावर डोकं टेकलं होतं, तेवढंच.
कालच्या पानावर एक नाव. पुन्हा पुन्हा. अक्षर माझं.
आईला विचारलं. म्हणाली, आपल्यात कोण गं चेतना? तिच्या दोरीवर एक छोटा फ्रॉक वाळतोय म्हणे — शेजाऱ्यांचा असेल —
डोळ्यांचं पाणी थांबत नाही. कुणासाठी ते —