आईचं बायबल तुझ्याकडे गेलं

ओहायो नदीकाठ, ऑक्टोबर १७९८

लाडक्या तबीथाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. ओंडक्यांच्या घरावर छप्पर चढलं, मकाही बरा आला. आईचे गुडघे कसे आहेत?

घरातले जन्ममृत्यू लिहिलेलं बायबल आईनं तुला दिलं म्हणे. थोरली मी असून. ऐकून जीव जळाला. आमचे हे, एसाहेल, म्हणाले, "आपण नवं घेऊ की." मी म्हटलं, "त्यात आजोबांचं अक्षर कुठून आणू?"

मला जूनमध्ये लेक झाली. आईचं मर्सी हे नाव मी तिला ठेवलंय. तू तुझ्या लेकीला दुसरं शोध. तुझ्या पोरांच्या नावांनी जागा ठेवली असेल, तर जन्माच्या पानावर माझ्या मर्सीला लिही. मृत्यूचं पान उघडू नकोस. कालपासून तिचा ताप उतरतोय.

तुझ्यावर रुसलेली,
केझाया