पुढच्याची पाठ

१२ मे १९८६, सोमवार

शेजारचा योस्ट सकाळी गॅरेजच्या दारात नुसताच उभा. "पीट येतोय. शनिवारी." एवढंच! अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात आठ वर्षं शेजारी राहतो, पण या डच माणसाने सलग तीन वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. तरुणपणी हॉलंडकडून शर्यतीत नाव वल्हवायचा. दोघांची नाव, जोडीदार हा पीट. दोन युरोपियन मेडल्स. ती खिळ्यांच्या डब्यात पडली आहेत! आमच्या मराठी मंडळात कॅरमचं उत्तेजनार्थ मिळालं तरी लोक फ्रेम करून हॉलमध्ये टांगतात.

१४ मे

संध्याकाळी योस्ट आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर. मला राहवतंय थोडंच! विचारलंच, "वल्हवणं का सोडलंस?"

आज मात्र बोलला. शेवटची फायनल, हे दोघे आघाडीवर होते. नावेत पीट पुढे, योस्ट त्याच्या मागे. समोर दिसायची ती फक्त पीटची पाठ. "बायकोचा चेहरा मी इतका पाहिला नसेल." त्या दिवशी ती पाठ वेगळीच हलत होती. डावा खांदा पडत होता, श्वास मध्येच अडकत होता. योस्टने वल्ही पाण्यात रोवून धरली. नाव थांबली. शर्यत गेली.

त्याच संध्याकाळी पीटला म्हणाला — डॉक्टरकडे जा. पीट म्हणाला, "दमलास तू. दोष माझ्या छातीवर कशाला ढकलतोस?" पेपरांनीही तेच छापलं. पीट दुसऱ्या जोडीदाराबरोबर पुढे चार वर्षं वल्हवत राहिला, धडधाकट! योस्ट पुन्हा नावेत बसला नाही. अमेरिकेत आला.

जाताना म्हणाला, "आता माझं मलाच कळत नाही. खरंच काही दिसलं होतं, की मी दमलो होतो?"

 

१६ मे

बायको, सुलेखा : "डच माणसाला आमटी चालेल का हो?" म्हटलं, योस्टला आठ वर्षं चालतेय की. "तो घरचा!"

१७ मे, शनिवार

पीट आला. उंच, टक्कल, हसरा. मला आवडायला नको होता, पण आवडला.

सुलेखाने दोघांना जेवायला समोरासमोर बसवलं. मोठ्या प्रेमाने! आयुष्यात एकमेकांकडे तोंड करून न बसलेली ही माणसं. योस्ट ताटातल्या कोशिंबिरीशी बोलत होता, पीट भिंतीवरच्या गणपतीशी. मी मंडळाच्या भाषणांवरचे माझे ठेवणीतले विनोद काढले. कोणी हसलं नाही. आमची उत्तरा म्हणाली, "डॅड, प्लीज स्टॉप."

मग पीटने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, घसा खाकरला. काहीतरी बोलणार, तेवढ्यात योस्ट घाईघाईने म्हणाला, "पीट, त्या दिवशी मी दमलो होतो. तुझं बरोबर होतं. माफ कर."

पीटने मान डोलावली. सुलेखाने दोघांना आणखी भात वाढला.

इतका राग मला कधी आला नव्हता. दोघांचाही! न केलेल्या चुकीची एकाने माफी मागावी आणि दुसऱ्याने ती खुशाल घ्यावी! "तुम्ही मध्ये पडू नका हं," सुलेखा भांडी घासताना म्हणाली. नाही पडत.

१९ मे, सोमवार

पडलो. पीटला एअरपोर्टवर सोडायचं माझ्याकडे आलं. हायवेला लागल्या लागल्या म्हटलं, "योस्ट दमला नव्हता."

"माहीत आहे," पीट म्हणाला. "मी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो होतो. हृदयाचाच आजार निघाला. वरच्यांना कळलं असतं तर मला टीममधून काढलं असतं. म्हणून गप्प बसलो. शनिवारी तेच सांगायला आलो होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्याने आधी माफी मागितली ना!"

आत्ता घरी पोचलो. योस्ट लॉन कापतोय. मशीन बंद करायला लावतो आणि सांगतो.