पेटी उघडेपर्यंत

मंगळवार, ३ मार्च

हा आज दाढी करताना शीळ घालत होता. शीळ! गेले कित्येक महिने ह्याचं तोंड आंबट, आणि आज शीळ. काल ह्याच्या गटाची पेटी उघडायची होती. म्हणजे उघडली. म्हणजे काहीतरी घबाड हाती लागलंय!

विचारायचं नाही. विचारायचं नाही. विचारायचं नाही.

बुधवार, ४ मार्च

डोकं तापलंय, जरा नीट लिहिते. विश्व पसरतंय, आणि पसरण्याचा वेग वाढतोय. काहीतरी ढकलतंय — त्याला डार्क एनर्जी असं नाव देऊन सगळे मोकळे झाले. प्रश्न एवढाच, की तिचा जोर कायम तेवढाच आहे की काळाबरोबर घटतोय? आम्ही फुटणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडावरून मोजतो, ह्याचा गट दीर्घिकांमधल्या अंतरांवरून. एकमेकांना न विचारता काढलेली उत्तरं जुळली तरच जग मानेल. म्हणून घरात कामाबद्दल तोंडाला कुलूप.

आणि स्वतःपासूनही लपवायचं! कंप्युटर आमच्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो. सगळ्या तपासण्या संपेपर्यंत खरं उत्तर कुणालाच दिसत नाही, नाहीतर माणूस नकळत हव्या त्या उत्तराकडे काम वाकवतो. शेवटी तो आकडा काढून टाकतात, ते पेटी उघडणं. त्याआधी ज्याला उत्तराचा वास लागला — आपल्या गटाच्या किंवा दुसऱ्या गटाच्या — त्यानं गुमान बाजूला व्हायचं.

सासूबाई म्हणतात, "दोघं एकच मोजताय ना? मग विचारून घ्या की एकमेकांना! एवढा घोळ कशाला?" हसू आलं, पण समजावताना माझीच ततपप झाली.

शुक्रवार, ६ मार्च

धूळ! तारा आणि आपण यांच्यामध्ये धूळ असते, तिच्यामुळे तारा फिका दिसतो, म्हणून तेवढी दुरुस्ती करावी लागते. ते काम माझं. इतके दिवस मला ती दुरुस्ती चोख वाटत होती. आज अचानक चुकलीय असं वाटतंय.

अचानक कसलं? मंगळवारपासून!

मला चांगलं माहीत आहे, दुरुस्ती जरा बदलली की आमचं उत्तर 'घटतोय'कडे सरकतं. आणि माझी खात्री झालीय की ह्याला 'घटतोय'च मिळालंय. जोर कायम निघाला असता तर शीळ कशाला घातली असती? ते तर सगळ्यांना पाठच आहे. मग ही शंका माझी की शिळेची? स्वतःचाच भरवसा वाटत नाही. फार वाईट वाटतं हे.

शनिवार, ७ मार्च

कपडे वाळत घालताना विचारायला तोंड उघडलं. "काय गं?" म्हणाला. म्हटलं, "चिमटे दे."

सोमवार, ९ मार्च

हेडबाईंना सगळं सांगून टाकलं. (आमच्या गटप्रमुख. पण वागणं शाळेच्या हेडबाईंसारखं, म्हणून.) शिळेसकट सांगितलं. म्हटलं, मला बाजूला करा.

चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नवऱ्याची शीळ ही काही माहिती होत नाही. बस खाली." आणि लगेच, "धूळ मात्र जाड्याकडे दे. तो एकटा राहतो."

जाड्या माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. त्यानं कोपरापासून हात जोडले — "वहिनी, तुमच्या घरच्या शिळेपायी माझी सुट्टी गेली!" आमची पेटी लांबली. बाकीचे माझ्याशी धड बोलत नाहीत. नका बोलू जा!

बुधवार, ११ मार्च

आज हा जेवताना म्हणाला, "तुझं काय बिनसलंय?"

"काही नाही."

"बरं."

सासूबाई ताट घेऊन उठल्या. "तुमच्यापेक्षा टीव्ही बरा."

सोमवार, १६ मार्च

जाड्यानं सगळं पहिल्यापासून करून पाहिलं. धुळीची दुरुस्ती होती तशीच बरोबर! म्हणजे शंका शिळेचीच होती. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही झालं. शुक्रवारी पेटी.

शुक्रवार, २० मार्च

घटतोय! घटतोय! घटतोय!

जोर कायम असता तर पडद्यावरची रेघ आडवी आली असती, ती खाली उतरत गेली. मग जाड्या केवढ्यांदा ओरडला! हेडबाई रडल्या आणि वर "मी रडत नाहीये" म्हणाल्या. लगेच दमही दिला — दुसऱ्या गटाचं जुळल्याशिवाय नाचायचं नाही, आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मी मनात म्हटलं, बाई, जुळलंय हो!

घरी अक्षरशः पळत आले. बोलणार काहीच नव्हते, बोललेही नाही. नुसती दारात उभी राहून हसत होते, वेडी कुठली. वाटलं, ह्याला कळेल की आमचंही तेच आलंय. किती दिवसांनी ह्याच्याकडे सरळ बघत होते!

हा बघतच राहिला. चेहरा एकदम उतरला. मग उठून गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं. सासूबाई मला विचारतात, "काय झालं?" मला तरी कुठे ठाऊक!

शनिवार, २१ मार्च

त्यांची पेटी अजून उघडलेलीच नाही. त्या सोमवारी ऐन वेळी ह्याला स्वतःचीच एक चूक सापडली, उघडणं लांबलं, वाचलो म्हणून ती शीळ. त्यांची पेटी पुढच्या आठवड्यात आहे. म्हटलं, "अरे, पण मी एक शब्द तरी बोलले का?" म्हणाला, "तुला कधी बोलावं लागलंय?"

सकाळीच गटाला कळवून मोकळा झाला. सहा वर्षांचं काम, आणि दोन ओळी: 'ताऱ्यांवाल्यांचं उत्तर मला कळलं आहे. मला बाजूला करा.'

कसं कळलं, ते लिहिलं नाही.