पश्चिमेची भिंत

मु. हिवरवाडी, विट्याजवळ, जि. सातारा
ता. १४ जानेवारी १९४४, संक्रांत

प्रिय अर्जुना यास,

नाथाजीचा रामराम. इकडं सगळी खुशाल. तुझं कार्ड आलं की राहीमावशी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेते. "माझ्या अर्जुनानं आणि काय लिवलंय?" असं विचारते. मी म्हणतो, कार्ड संपलं मावशी. तिचा विश्वास बसत नाही.

सहा महिने झाले तरी घर जोत्यावरच कसं, असं तू विचारलंस. घर बांधून घेणाऱ्याला वाटतं, दगड आला, चुना आला, की महिन्याभरात कौलं चढतील. तसं होत नाही गड्या. पायाला एक पावसाळा बसू द्यावं लागतं, तो बसला. सिमेंट सगळं लढाईला जातंय, म्हणून काम चुन्यात आहे, आणि चुना घाई चालू देत नाही. भिंत दोन हात चढवायची, रोज पाणी पाजायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, मग पुढचे दोन हात. मधे तुला वाटेल, नाथा झोपलाय. तेव्हा समज, काम नीट चाललंय.

पाणी पाजायचं मावशीनं आपणहून अंगावर घेतलंय. माझ्या माणसांवर तिचा भरवसा नाही. सकाळी विहिरीवरून घागर आणते आणि भिंतीला पाणी मारता मारता तिच्याशी बोलत बसते. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी पाहिजे म्हणते. तिथून विट्याची वाट दिसते, तू त्याच वाटेनं येणार.

सुलावहिनी बऱ्या आहेत. तीळगूळ घे.

तुझा,
नाथाजी


मु. हिवरवाडी
ता. ९ एप्रिल १९४४

प्रिय अर्जुना यास,

रामराम. रजा रद्द झाल्याचं तुझं कार्ड परवा पोचलं. आसामकडं लढाईचा जोर वाढल्याचं इथं चावडीवर पेपरात वाचतात. जिवाला जप.

घराचं विचारलंस. तीन भिंती पुऱ्या झाल्या, ओळंब्यात सरळ आहेत. दाराची चौकट बसली. सागवान मिळालं नाही, बाभळीची केली, पण लाकूड जुनं आणि वाळलेलं आहे. कौलं विट्यात येऊन पडलीत. पश्चिमेची भिंत सध्या नाही.

"पाडव्याला आईनं नव्या घरात पाऊल टाकलं का?" असं तू लिहिलंस. या ओळीपाशी मी दोन दिवस अडकलोय.

तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं. तुझे भाऊसोकाका म्हणाले, "तिकडं त्याच्या हातात बंदूक हाय. ध्यान चळलं तर त्योबी जायचा." वहिनी हो म्हणाल्या. मीही मान हलवली. मला ते सोयीचं होतं.

अर्जुना, राहीमावशी गेली.

पाडव्याला आठ दिवस होते. सकाळी ती पश्चिमेच्या भिंतीला पाणी मारत होती आणि भिंत तिच्या अंगावर आली. आम्ही हातांनी दगड काढले. शुद्धीवर होती. बैलगाडीतून विट्याला आणि तिथून मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तोंडात पाणी वहिनींनी घातलं.

गाव म्हणतं, जागा वाईट. गावठाण सोडून माळावर घर बांधलं, म्हणून वास्तूनं माणूस घेतलं. काकांनी तिथं कोंबडं कापलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. तुमचा काय दोष?"

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

पाडव्याला येतो, असं तुझं फेब्रुवारीत पत्र आलं. मावशीनं गावभर सांगितलं. मग मी चुन्याचं ऐकलं नाही. राहिलेली सगळी भिंत पाच दिवसांत वर नेली, तीही खिडकीची पोकळी असलेली. मला जमेल असं वाटलं. तू वाटेनं येताना घर उभं दिसावं, नाथानं करून दाखवलं असं तू म्हणावंस, एवढंच डोक्यात होतं.

त्या सकाळी मी ओळंबा लावला. खिडकीच्या वर भिंतीला पोट आलं होतं. दोन बोटं बाहेर. उतरवावी तर पाडवा हातचा जात होता. मी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला. तेवढ्यात मावशी घागर घेऊन आली. मला तिथं उभा बघून थांबली.

"नाथा, भित नीट हाय न्हवं?"

"हाय, मावशी."

"मग आज दोन घागरी जादा घालती."

मी चुना मळायच्या घाण्याकडं वळलो. वीस पावलंही गेलो नसेन.

‘मी घाई लावली म्हणून आई गेली,’ असं मनात आणू नकोस. तुला तिथून भिंत दिसत नव्हती. मला दिसत होती.

इथपर्यंत लिहिलेलं काल वहिनींना वाचून दाखवलं. त्या जात्यापाशी बसल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आत्याबाई काय म्हनल्या, त्ये परत वाचा." मी मावशीचं बोलणं परत वाचलं. त्या जात्यापासून उठल्या.

"त्यास्नी लिवा, मी जतला म्हायेरी जाती. त्ये आल्याबिगर येनार न्हाई," म्हणाल्या. "आन् चावडीवर समद्यांम्होरं तुमीच सांगा. उगं त्या जागंला बोल लागलाय."

आज सकाळी सांगून आलो. काकांनी सगळं ऐकलं, पायताण घातलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. बाकीचेही उठले. दुपारी वहिनींना न्यायला त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला.

तीन भिंतींची काळजी करू नकोस, त्या पुरेसा वेळ देऊन चढवल्यात. चौथी दुसऱ्या गवंड्याकडून घे, किंवा सगळंच पाडून टाक. माझा हात आता तिथं लागणार नाही. माझी हत्यारं, करणी आणि ओळंबा, काकांच्या उंबऱ्यावर ठेवून आलोय.

तू येशील तेव्हा मी गावातच असेन. कुठं जाणार नाही. जे करायचं ते तू ठरव.

तुझा, असं लिहायला हात उचलत नाही.

नाथाजी