निनोंगांचा हात

पुंता सिलाग,
९ मे १९८८

ति. मानांग सोलिंग हिला धाकट्या बहिणीचा, पिडिंगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तांदळाच्या वाफवलेल्या पुटोचा डबा पोचला. नानायने अर्धे पुटो शेजारी वाटले, आणि शहरात गेल्यापासून तुझा हात बिघडला असं तुला कळवायला सांगितलं. डबा मात्र तिनेच पुसून खाल्ला.

आता खरी बातमी. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. गावसभेने खडकाजवळचं पाणी मासेमारीला बंद केलं आणि राखणीला मला निवडलं, हे तुला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी तिथे सुरुंग उडाला. आम्ही राखणदार गेलो, तर मासे पोटं वर करून तरंगत होते, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा, आणि मधोमध होडीत आपले निनोंग कार्पो. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातावर घेऊन उभे राहिलेले माझे धर्मपिता!

मी त्यांच्या होडीत चढले. आधी आशीर्वादासाठी त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला, मग सांगितलं की होडी सभेच्या ताब्यात द्यावी लागेल. किनाऱ्यावर उतरल्यावर मी निरोपाला पुन्हा हात मागितला, तर त्यांनी तो पाठीमागे नेला. मानांग, सगळ्या गावासमोर नेला गं. मी घरी येऊन रडले, पण होडी सोडली नाही.

रागावलीस तरी पत्र लिही. राग आणि लोभ एकाच पाकिटात आले तरी चालतील.

तुझी,
पिडिंग

इलोइलो,
१५ मे १९८८

चि. पिडिंग हिस अ. उ. आ.

राग आधी घे. अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तू कुठे जन्मलीस ते विसरलीस? नानायला वादळात कळा सुरू झाल्या, सगळं गाव नको नको म्हणत होतं, तेव्हा एकट्या निनोंगांनी होडी पाण्यात लोटली. पलीकडच्या सुईणीपर्यंत पोचायच्या आत तू त्याच होडीत जन्मलीस. त्याच होडीत! अशा माणसाचे उपकार फेडायचे नसतात, जन्मभर वागवायचे असतात. आणि तू त्यांना चारचौघांत खाली बघायला लावलंस.

शिवाय घराचं काय? किनारा खचत खचत नानायच्या जिन्याला टेकला आहे. वादळं सुरू व्हायच्या आत घर टेकडीवर न्यायलाच हवं. आपलं बांबूचं घर अख्खं खांद्यावर उचलायला गाव लागतं, आणि आपलं गाव निनोंगांच्या शब्दावर हलतं. ते आले नाहीत तर कुणी येणार नाही. तुझी गावसभा काय एकेक बांबू टपालाने वर पाठवणार आहे?

गुपचूप जा, होडी परत दे, चुकले म्हण. इथे बाजारातसुद्धा आपल्याकडचे लोक मला विचारतात, ती कृतघ्न मुलगी तुझीच बहीण का म्हणून. मी मासे घ्यायला गेले की मान वर करत नाही.

नानायला जप. लोभही पाकिटात आहे, तळाशी बघ.

तुझी,
मानांग

पुंता सिलाग,
३० मे १९८८

ति. मानांगला सा. न. वि. वि.

तळाशी पाहिलं, सापडला. पण होडी नाही दिली.

तुझं पत्र आल्यावर मी खूप विचार केला. त्या वादळात सगळं गाव नको म्हणत होतं, असं तूच लिहिलंस. निनोंगांनी गावाकडे पाहिलं नाही, नानायकडे पाहिलं आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवलं. माझा जीव त्यांच्या उपकाराचा आहेच, कधी नाही म्हटलं? पण ज्या माणसाने चार लोकांची भीड न धरता मला जगात आणलं, त्याच्यासमोर मी भिडेपोटी खोटं वागले, तर ते उपकार मातीत जातील. वादळात ते जसे वागले तशीच मी वागते आहे. मला दुसरी परतफेड येत नाही.

पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात मेयरचा पुतण्या सापडला, तोही सुरुंगासकट. आजवर त्याला कुणी हटकलं नव्हतं. तो हसून म्हणाला की आधी तुझ्या लाडक्या धर्मपित्याला धर, मग माझ्याकडे ये. मी नुसतं चर्चकडे बोट दाखवलं. तिथे निनोंगांची होडी पालथी पडली आहे. त्याचं हसू गेलं. आता तिथे दोन होड्या आहेत.

घर येत्या शनिवारी उचलायचं. उचलायचे बांबू घराखाली बांधून झाले. मी घरोघर बोलावणं केलं, लोक स्वतःच्या पायांकडे बघत हो म्हणाले. निनोंगांच्या दारात गेले तर दार बंद. मला भीती वाटते, मानांग. समुद्र जिन्याच्या पहिल्या पायरीवर आला आहे.

तुझ्या आशीर्वादाची या वेळी फार गरज आहे.

पिडिंग

पुंता सिलाग,
५ जून १९८८

माझ्या मानांगला शंभर नमस्कार, वि. वि. पुढे!

घर टेकडीवर आहे! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सकाळी अंगणात कुणी नव्हतं. चुलीवर कोंबडी घातलेली पेज रटरटत होती आणि खायला मी एकटी. नानाय घरातून उतरायलाच तयार नाही. म्हणे, मी याच घरात लग्न होऊन आले, घर जाईल तिथे बसून जाईन. एवढ्यात वाटेवर निनोंग दिसले. एकटेच. कुणाकडे न बघता ते समुद्राकडच्या कोपऱ्यापाशी गेले, जिथे सगळ्यात जास्त वजन येतं, आणि बांबूखाली खांदा लावून उभे राहिले. मग मोठ्याने ओरडले की म्हातारा एकटा उचलणार आहे का, की या गावात आणखी खांदे आहेत? दारं उघडली, मानांग. बघता बघता अंगण भरलं. पुतण्याच्या होडीवरचे दोघेसुद्धा आले.

घर उठलं तेव्हा मी शेजारून पळत होते आणि रडत होते. आत नानाय मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती आणि खिडकीतून सगळ्यांना डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणून शिव्या घालत होती. हसून हसून माणसांचे खांदे डळमळायला लागले, तेव्हा निनोंगांनी तिला दटावलं.

घर टेकल्यावर निनोंग घाम पुसत सगळ्यांसमोर म्हणाले की पोरीने माझी होडी सोडली असती, तर त्या पुतण्याची धरायला तिला तोंड राहिलं नसतं. माझ्या होडीत भित्रं मूल जन्मलं नाही, हे मला या वयात कळलं. होडी त्यांनी परत मागितली नाही. ती राखणीला वापरा म्हणाले, फक्त वल्हं माझ्या हातात राहू द्या.

आणि मग त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. बांबूने सोलवटलेला होता. मी तो कपाळाला लावला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

पेज पुरली नाही. नारळाची माडी मात्र पुरली. लोभ आता टेकडीवरच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
पिडिंग

इलोइलो,
११ जून १९८८

माझ्या गुणाच्या पिडिंगला अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग शेजारणीला वाचून दाखवलं, तिने न विचारता. माझं चुकलं गं. पुढच्या रविवारच्या बोटीने येते आहे. निनोंगांना सांग, हाताला औषध लावून ठेवा, मलाही तो कपाळाला लावायचा आहे. नानायला सांग, पुटो आणते, नावं ठेवायची तयारी ठेव.

आज बाजारात गेले होते. कुणी काही विचारायच्या आतच मी मान वर करून सांगितलं, ती माझी बहीण.

तुझीच,
मानांग सोलिंग