अंगठ्यापाशी चीर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
बेंगळुरूहून आलेले हातमोजे आज भट्टीत लावले. सत्तर अंश, सात दिवस. अंतराळवीराच्या पोशाखातला हा आतला रबरी थर — हवा धरून ठेवणारा. सात दिवस तापवलं की रबर पुढं किती टिकेल याचा अंदाज येतो. लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेला असलं काम पहिल्यांदाच मिळालंय. चाकूरला उतरेपर्यंत एसटीत डोक्यात तेच.

१० नोव्हेंबर, सोमवार
मोजा ताणला. अंगठ्याच्या मुळाशी बारीक चिरा. प्रयोगशाळा चालवणारे बसवराज सर भिंगातून बघून म्हणाले, "भट्टी जास्त तापली असंल. परत लाव."
भट्टी मीच लावली होती. चुकले असेन का?

११ नोव्हेंबर, मंगळवार
भट्टी तपासली. तापमान बरोबर. मग पेटीतला न तापवलेला जोड काढून ताणला — तिथंच चिरा. मोजे अंगठ्याशी दुमडून ठेवलेले, घडीवरच रबर गेलंय. पेटीवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची.
अहवाल लिहिला. नापास. सरांनी वाचला, चष्मा काढला. "विशाखा, पहिल्याच कामात नापास म्हणलं तर दुसरं काम कोण देईल? दुसरी पेटी मागवू, शांतपणे बघू. तवर थांब."
सर वाईट नाहीत. डिप्लोमा झाल्यावर मला कुणी घेत नव्हतं, तेव्हा त्यांनीच घेतलं.

१२ नोव्हेंबर
थांबले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आई म्हणाली, "कसला इचार करायलीस? भाकर तशीच हाय." सगळं सांगितलं. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुला दिसलं ना? मग?"
तिच्यावरच चिडले. उगाच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सरांना न विचारता अहवाल बेंगळुरूला पाठवला. मग त्यांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. कुठलं काय — जागेवर बसवेना. दिवसभर मी तेच भिंग पुसत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बेंगळुरूहून सुकन्या मॅडमचा फोन. हे हातमोजे त्यांनीच पाठवलेले. त्याच खेपेतला एक जोड परवा सरावात वापरला. हवा काढलेल्या खोलीत अंगठ्यापाशी फुटला. माणूस वाचला. उजव्या हाताचं अजून सांगता येत नाही.
"चिरा तुम्हाला कधी दिसल्या?"
सोमवारी, मी म्हणाले.