आधी गुड मॉर्निंग

आई,

आम्ही जर्सी सिटी सोडली. तू तिथे एकदाच आली होतीस. एकतिसाव्या मजल्यावरच्या आमच्या घरात दोन दिवस राहिल्यावर मला म्हणालीस, "भिंतीपलीकडून कोणाचा आवाजच येत नाही गं, माणसं राहतात ना इथं?" आता आम्ही सेंट क्रॉयला राहतो. कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे, पण अमेरिकेचंच. डॉलर तोच, टपाल तेच, फक्त गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. रस्त्याकडेला गुलमोहर आहेत, चिंचा आहेत आणि कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कोंबड्या आहेत. लेक नोकरीला लागून लांब गेली, नवऱ्याचं काम घरूनच चालतं, आणि मला इथल्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्टची जागा मिळाली. तीन आठवड्यांतच ती नोकरी जायची वेळ आली होती, ते तुला सांगायचं आहे.

जर्सीच्या दुकानात माझ्या वेगाचं कौतुक व्हायचं. नाव, जन्मतारीख, कार्ड, पिशवी, पुढचा. इथेही मी तेच सुरू केलं. लोक काउंटरशी येत, माझ्याकडे बघत आणि गप्प होत. मला वाटलं, बेटावरचे लोक, जरा संथ असतील. मग एका शुक्रवारी सकाळी एक म्हातारी बाई आली. डोक्यावर गवताची टोपी, हातात काठीसारखी धरलेली छत्री. मी स्क्रीनवरून नजर न काढता जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, "गुड मॉर्निंग." मी म्हटलं, "हो, जन्मतारीख?" ती पुन्हा, सावकाश, "गुड मॉर्निंग." तिला ऐकू कमी येत असेल असं समजून मी तोच प्रश्न मोठ्याने विचारला. बाईने पर्स खांद्याला लावली, रांगेतल्या एकेकाचा निरोप घेतला आणि ती निघून गेली. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात तशीच.

दुकानात माझ्याबरोबर एक बाई काम करते, वीसेक वर्षं त्याच काउंटरवर आहे. तिने मला मागच्या खोलीत नेलं. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" ती म्हणाली. "इथे दुकानात, बँकेत, कुठेही पाय ठेवला की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं. दुपारी गुड आफ्टरनून. अंधार पडला की गुड नाइट, आणि ते जाताना नाही, आल्या आल्या. ते न म्हणता एकदम कामाचं बोललात, तर समोरचा माणूस तुम्हाला दिसलाच नाही असा त्याचा अर्थ होतो."

"पण ती माझ्याकडे आली होती. मी काय..."

"तिने दोनदा संधी दिली तुम्हाला. याआधी तिघांनी आपली औषधं दुसऱ्या दुकानात हलवली आहेत. मालक तुमच्याशी बोलणार आहेत सोमवारी. आणि हिच्या घरातल्या गोळ्या संपल्यात. उद्यापासून दोन दिवस दुकान बंद."

मी पिशवी हातात धरून उभी आहे आणि मला नगरपालिकेचा दवाखाना दिसतो. औषधाच्या खिडकीमागे तू, पुढ्यात लाल मिक्श्चरची बरणी. मी चौदा वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्याशेजारी स्टुलावर बसून बाटल्यांना लावायच्या कागदी पट्ट्या कापतेय, एका डोसाला एक खाच. एक आजोबा खिडकीशी येतात. मी वर न बघता विचारते, "बाटली आणलीय का?" तू माझ्या हातातली कात्री काढून घेतेस. "आजोबा कुठून चालत आलेत ते विचार आधी. बसा म्हण." मी कुजबुजते, "आई, रांग लागलीय." तू म्हणतेस, "लागू दे. रांग रुसत नाही, माणूस रुसतो." मला त्या सगळ्या लोकांदेखत इतका राग आला होता तुझा, की उरलेल्या पट्ट्यांच्या खाचा मी वेड्यावाकड्या कापल्या. तू त्या घरी नेऊन पुन्हा कापल्यास आणि एका शब्दाने बोलली नाहीस.

दुपारी मी गोळ्या घेऊन त्या बाईच्या घरी गेले. सहकारिणीने निघताना बजावलं होतं, फाटक उघडायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, बाहेर उभं राहून "इनसाइड!" अशी हाक मारायची आणि थांबायचं. आपण आपल्याकडे दारातून "आहे का कोणी घरात?" म्हणायचो, तसंच. मी हाक मारली. पडदा हलला, पण कोणी आलं नाही. उन्हात तशीच उभी राहिले आणि पुन्हा हाक मारली.

आतून आवाज आला, "कोण?"

"गुड आफ्टरनून. औषधाच्या दुकानातून आलेय."

"दुकानातली कोण?"

"सकाळी तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणाली नाही, ती."

ती बाहेर आली, फाटक उघडलं आणि मला व्हरांड्यात बसवलं. पिशवीला तिने हात लावला नाही. कुठली, लग्न झालंय का, मुलं किती, इथे पाणी पुरतं का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "तुझी आई काय करायची?" इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, आई आरोग्य खात्यात होती. ऐकणाऱ्याला तू कोणी मोठी अधिकारी वाटावीस इतपत मोघम. तिला मात्र मी खरं सांगितलं. कंपाउंडर होती, खिडकीतून औषध द्यायची, बाटलीला पट्टी चिकटवायची. ती पट्टीबद्दल ऐकत राहिली. एका वेळी किती औषध घ्यायचं, हे वाचता न येणाऱ्यालाही कळायचं का, तिने विचारलं. कळायचं, मी म्हटलं.

"मग तिने तुला शिकवलं नाही होय?"

"शिकवलं होतं. मी विसरले."

तिने अंगणातली लांब पाती तोडून उकळायला टाकली. ती याला बुश टी म्हणते. मी वासावरूनच ओळखलं, गवती चहा. आपण यात आलं, दूध, साखर घालतो म्हटल्यावर ती म्हणाली, "चांगल्या पानाचा वास दुधात कशाला बुडवायचा?" कप रिकामा झाल्यावर तिने पिशवी घेतली आणि माझ्यासमोरच एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

सोमवारी मालकाने मला बोलावलंच नाही. ती बाई सकाळीच येऊन त्याच्याशी काहीतरी बोलून गेली होती. काय, ते मी अजून विचारलेलं नाही. आता माझी रांग हळू सरकते आणि कोणाची तक्रार नसते. कोणाचा गुडघा, कोणाच्या बकऱ्या, कोणाचा मुलगा फ्लोरिडाहून येणार, सगळं मला ठाऊक असतं. नाताळात तिने अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत दिलं, औषधाच्याच जुन्या बाटलीत, धुऊन पुसून. लेक फोनवर म्हणते, "मम्मा, यू साउंड लाइक आजी." मला बरं वाटतं. मी सुखात आहे, आई. भिंतीपलीकडून आवाज येतात.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुझ्या शेवटच्या महिन्यात तू एकदा फोन केला होतास. जेवलीस का, थंडी किती आहे, असं तू सुरू केलंस आणि मी म्हटलं, "आई, कामाचं सांग, माझी मीटिंग आहे." तू म्हणालीस, "काम काही नव्हतं गं," आणि फोन ठेवलास.

मीटिंग नव्हती. मी जर्सीच्या दुकानाबाहेर गाडीत नुसती बसले होते.